प्रतिक्रियेला उत्तर : एलिनॉर राणीचे स्मृतिस्तंभ

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची पत्नी एलिनॉर हिच्या स्मृतिस्तंभांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘ही प्रेमाची स्मारके नसून पहिल्या एडवर्डने केलेली राजघराण्याची जाहिरात आहे, आणि सहलीला जाऊन आलेल्या काकांनी इतिहास लिहू नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही; परंतु ज्याने नॉर्थॅम्प्टनमध्ये संसार केला, त्याच गावाजवळचा, या स्तंभांपैकीच असलेला हार्डिंगस्टोनचा स्तंभ ज्याच्या कामाच्या रोजच्या वाटेवर होता, त्याला सहलीवरचे काका ठरवण्यापूर्वी आपण थोडी चौकशी करायला हवी होती.

आता जाहिरातीविषयी. नोव्हेंबर १२९० मध्ये लिंकनजवळच्या हार्बी येथे राणी वारली. लिंकनहून वेस्टमिन्स्टरला पार्थिव नेताना जिथे जिथे रात्रीचा मुक्काम पडला, तिथे एडवर्डने स्तंभ उभारले, एकूण १२. त्यांपैकी लंडनच्या चीपसाइड बाजारातल्या स्तंभाला हवे तर जाहिरात म्हणा. पण गेडिंग्टनचे काय? राजाचा शिकारवाडा असलेले ते एक खेडे. तिथला तिकोनी, निमुळता स्तंभ आजही उभा आहे. वरच्या कोनाड्यांत तिन्ही बाजूंना राणीच आहे, राजा कुठेही नाही. खालच्या ढालींवर इंग्लंडच्या सिंहांच्या बरोबरीने तिच्या माहेरच्या स्पेनमधल्या राज्यांची चिन्हे, म्हणजे कॅस्टिलचे किल्ले व लिऑनचे सिंह, आणि तिला आईकडून मिळालेल्या फ्रान्समधल्या पोंत्यू प्रांताचे पट्टे कोरलेले आहेत. जाहिरात करणारा राजा मूर्तींतून स्वतःलाच वगळतो, हे कुठले शास्त्र?

शिवाय १२९१ मध्ये फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपतीला लिहिलेल्या पत्रात, जिच्यावर जिवंतपणी प्रेम केले तिच्यावर मरणानंतरही प्रेम करणे थांबवता येत नाही, असे त्याने म्हटले आहे. ते पत्र काही चौकात वाचून दाखवण्यासाठी नव्हते. अर्थात पत्र वाचण्याचे कष्ट घेण्यापेक्षा टोमणा मारणे सोपे, हेही खरे.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकासमोरचा स्तंभ १८६५ चा आहे, मूळ स्तंभ १६४७ मध्येच पाडला गेला, हे माझ्या लेखातल्या छायाचित्राखाली लिहिले असते तर बरे झाले असते, एवढे मान्य. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या अंत्ययात्रेच्या वाटेवरील फ्रेंच स्तंभांची ही नक्कल आहे म्हणता, तर असेल. सुतकाचे रिवाज कोण नव्याने शोधून काढतो? राणीने सावकारी कर्जांतून जमिनी गिळल्या, हा आपला मुद्दा तिच्याविषयीचा आहे, स्तंभांविषयीचा नव्हे, म्हणून तो सोडून देतो.

राहिले एडवर्डचे १२९९ मधले दुसरे लग्न, ज्याचा आपण ‘पुरावा’ म्हणून विजयी सुरात उल्लेख केला आहे. फ्रान्सच्या राजकन्या मार्गारेटशी झालेल्या त्याच लग्नातून पुढे झालेल्या मुलीचे नाव एलिनॉर ठेवले गेले, हे बहुधा आपल्या वाचनात आले नसावे.