‘सर आत्ताच निघालेत’

हर्नियाचे ऑपरेशन किरकोळ असते, अर्ध्या तासाचे काम आहे, असे सगळेच सांगतात. मग त्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला रात्रीपासून दुपारपर्यंत उपाशी का ठेवायचे? भुलीआधी हलके जेवण व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोनच तास बंद असावे, हा प्रचलित नियम आहे. तरीही ‘बारानंतर थेंबही देऊ नका’ असे सरसकट फर्मान निघते, सातला बोलावले जाते आणि मोठ्यांच्या शस्त्रक्रिया आटोपेपर्यंत पोर सुईवरची पट्टी ओरबाडत पाण्यासाठी टाहो फोडते. डॉक्टर कधी येणार, असे विचारावे तर म्हणे, ‘सर आत्ताच निघालेत!’ कोठून, गडचिरोलीहून? त्यात शेजारच्या खाटेवरचे काका त्याच्यासमोरच खुशाल चहात बिस्किटे बुडवत असतात. त्यांना काय म्हणावे?