उडी फसते ती ९.८१ च्या हट्टाने

गेम बनवायला नव्याने शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. छोट्या व्हिडिओंत, क्लासच्या नोट्समध्ये, सीनियर मंडळींच्या तोंडी तो फिरत असतो. थोडक्यात असा: ग्रॅव्हिटी ९.८१ (मीटर प्रति सेकंद वर्ग) म्हणजे पृथ्वीवरची आहे, तिला हात लावू नका. कॅरेक्टर तरंगतंय असं वाटलं तर त्याचं वस्तुमान वाढवा. स्केलची काळजी नको, शेवटी सगळं एका पटीत लहानमोठं करता येतं. आणि तरीही जमलं नाही, तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन ग्रॅव्हिटी दुप्पट करा. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांना छेद देतात, पण ते जाऊ द्या. मुद्दे एकेक करून पाहू.

‘९.८१ ठेवलं की हालचाल खरी वाटते.’ आकडा खरा आहे, पण उडी कुठे खरी आहे? साधा माणूस जागेवरून ४०-४५ सेंटिमीटर उडतो आणि साधारण ०.६ सेकंद हवेत असतो. आपल्या हीरोला मात्र दोन मीटरच्या कठड्यावर चढायचं असतं. पृथ्वीच्या ग्रॅव्हिटीत दोन मीटर वर जाऊन परत जमिनीवर यायला जवळजवळ १.३ सेकंद लागतात. तेवढा वेळ खेळणारा नुसता बघत बसतो, आणि मग म्हणतो की कॅरेक्टर ‘फ्लोटी’ आहे. उंची सुपरहीरोची आणि ग्रॅव्हिटी तुमच्याआमच्या गल्लीतली, असा हा बेबनाव आहे.

म्हणून हिशोब उलट्या बाजूने करायचा. आधी दोन गोष्टी ठरवा: उडी किती उंच हवी आणि शिखर गाठायला किती वेळ द्यायचा. ग्रॅव्हिटी म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ. दोन मीटर आणि ०.४ सेकंद घेतले तर ग्रॅव्हिटी येते २५, वेग येतो १०. अनरियल या गेम इंजिनात सगळं सेंटिमीटरमध्ये असतं, त्यामुळे तिथे ‘जंप झेड व्हेलॉसिटी’ (उडीचा सुरुवातीचा वेग) १००० आणि ‘ग्रॅव्हिटी स्केल’ (पृथ्वीच्या किती पट) साधारण २.५५. शाळेतलीच गतीची समीकरणं आहेत ही. २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये गेम प्रोग्रामर काइल पिटमन यांनी याच हिशोबावर अख्खं व्याख्यान दिलं होतं.

नावाजलेले गेमही ९.८१ ला चिकटून बसलेले नाहीत. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ग्रॅव्हिटी ८०० युनिट असते. हा गेम ज्यावर चालतो त्या सोर्स इंजिनातलं युनिट पाऊण इंचाचं धरलं तर ती १५ च्या वर जाते, म्हणजे पृथ्वीच्या दीडपट. ‘सेलेस्टे’ तर एकाच उडीत ग्रॅव्हिटी बदलतो: शिखराजवळ बटण दाबून धरलेलं असेल तर ती निम्मी होते, तेवढ्यात खेळणाऱ्याला कुठे उतरायचं ते साधता येतं.

यात एक मेख आहे. ग्रॅव्हिटी बदलली की उडीची लांबीही बदलते. अनरियलमध्ये ‘मॅक्स वॉक स्पीड’ मुळात ६०० असतो, म्हणजे ताशी २१.६ किलोमीटर (याला ते चालणं म्हणतात!). त्या वेगाने वरची १.३ सेकंदांची उडी साडेसात मीटरच्या पुढे जाते, ०.८ सेकंदांची (०.४ वर, ०.४ खाली) मात्र पाच मीटरच्या आतच संपते. लेव्हलमधल्या सगळ्या दऱ्या आधीच सहा मीटरच्या आखून ठेवल्या असतील, तर झालं काम! उडी पक्की होईपर्यंत राखाडी ठोकळ्यांच्या, म्हणजे लेव्हलच्या कच्च्या आराखड्याच्या, पलीकडे जाऊ नये ते यासाठी.

‘तरंगत असेल तर वस्तुमान वाढवा.’ पडण्याचा वेग वस्तुमानावर ठरत नाही, हे सांगायला गॅलिलिओला उठवायची गरज नाही. मग हा सल्ला टिकून का आहे? कारण कधीकधी तो लागू पडल्यासारखा दिसतो. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनात ‘इम्पल्स’ मोडने (एकदम दिलेल्या धक्क्याने) उडी दिली असेल तर मिळणारा वेग वस्तुमानाने भागला जातो. वस्तुमान वाढवलं की उडीच बुटकी होते, ती लवकर संपते, आणि आपल्याला वाटतं पडणं सुधारलं. ‘व्हेलॉसिटी चेंज’ मोड वापरून पाहा, वस्तुमान कितीही वाढवलं तरी उडीत फरक पडणार नाही. कॅरेक्टर हलवणाऱ्या युनिटीच्या तयार ‘कॅरेक्टर कंट्रोलर’ला तर वस्तुमानाचा रकानाच नाही.

‘स्केल नंतर बघू.’ सर्वांत महाग पडणारा सल्ला हा. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर, अनरियलमध्ये एक सेंटिमीटर. सगळं दहापट मोठं केलं आणि ग्रॅव्हिटी तीच ठेवली, तर पडायला लागणारा वेळ दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे तिपटीहून जास्त वाढतो. माणूस आपोआप राक्षसासारखा संथ दिसू लागतो. वेळ तोच राखायचा तर चालण्याचा वेग, उडीचा वेग, ग्रॅव्हिटी, पायरी चढण्याची मर्यादा हे सगळं दहापट करावं लागतं. चढाची मर्यादा मात्र नाही, कारण तो कोन आहे. अनरियलमध्ये कॅरेक्टरचं स्केल वाढवलं की कॅप्सूल (टक्कर मोजायचा त्याच्याभोवतीचा आकार) वाढते, ‘मॅक्स स्टेप हाइट’ म्हणजे पायरीची मर्यादा तिथेच राहते. मग दुप्पट उंच गडी गुडघ्याएवढ्या पायरीला अडतो.

आणि लहान स्केल म्हणजे सुरक्षित, असंही नाही. युनिटीत कॅरम बनवायचा म्हणून बोर्ड अगदी खऱ्या मापाचा, ७४ सेंटिमीटरचा केला, तर हळू गेलेली सोंगटी कडेवर आपटून परत येतच नाही. ‘बाउन्स थ्रेशोल्ड’ मुळात २ (मीटर प्रति सेकंद) असतो, त्याहून कमी वेगाच्या टकरीला इंजिन उसळी देत नाही. तिथे ९.८१ ठेवा जरूर, बोर्ड खऱ्या मापाचा आहे आणि ती ग्रॅव्हिटी त्याला शोभते. पण हा थ्रेशोल्ड खाली आणायलाच हवा.

‘नाहीच जमलं तर सगळीकडची ग्रॅव्हिटी वाढवा.’ मग खोकी, रॅगडॉल (बाहुलीसारखी लुळी पडणारी शरीरं), लोंबते दोर सगळेच धाडधाड आपटू लागतात. बरं, युनिटीतल्या बऱ्याच शिकवण्यांमध्ये कॅरेक्टरच्या स्क्रिप्टमध्ये स्वतंत्र -९.८१ लिहिलेलं असतं, तेव्हा प्रोजेक्ट सेटिंग बदलूनही कॅरेक्टरच्या उडीत ढिम्म फरक पडत नाही आणि बाकीचं जग तेवढं बिघडतं. अनरियलच्या कॅरेक्टरला आणि युनिटीच्या टूडी रिजिडबॉडीला (वस्तूला भौतिकीचे नियम लावणारा घटक) स्वतःचं ‘ग्रॅव्हिटी स्केल’ आहे. युनिटीच्या थ्रीडी रिजिडबॉडीला ते नाही, तिथे ‘यूज ग्रॅव्हिटी’ बंद करून ‘फिक्स्ड अपडेट’मध्ये (ठराविक अंतराने चालणाऱ्या कोडमध्ये) ‘ॲक्सिलरेशन’ मोडने हवी तेवढी ग्रॅव्हिटी आपणच द्यायची. दोन ओळींचं काम आहे.