पासवर्ड न घेता पगार खातं जोडण्याबद्दल: तुमच्या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या पगार खाते जोडणीच्या एसडीकेला (दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बसवायच्या तयार कोडला) तुम्ही एक तारा दिलात, पण कारणं सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमची टीम एका एनबीएफसीसाठी (बँक नसलेल्या वित्त कंपनीसाठी) कामगारांना छोटी कर्जं देणारं अ‍ॅप बनवते आहे. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: ग्राहकाला दोन-दोन ओटीपी टाकावे लागतात. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की जोडणी पहिल्यापासून सुरू होते. आम्ही स्क्रीन वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आतच वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत, उघडू देत नाही आणि सिक्रेट की, म्हणजे आमच्या सेवेला तुमची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, अ‍ॅपमध्ये ठेवू देत नाही, त्यामुळे सर्व्हरचं काम वाढलं. एवढं करून बऱ्याच जणांच्या पगारापुढे ‘अनिश्चित’ असा शेरा येतो. आणि दुसरी एक कंपनी नेट बँकिंगचा आयडी-पासवर्ड घेऊन हेच काम एका स्क्रीनवर उरकते, मग तुम्हाला का जमत नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत. जमण्या-न जमण्याचा प्रश्न नाही, आम्हाला ते करायचंच नाही. पासवर्ड हाती आला की पगाराच्या नोंदींबरोबर त्या माणसाचं सगळं खातं उघडं पडतं, आणि कुणी, कशासाठी, किती दिवस पाहिलं याची कुठे नोंदही राहत नाही. रिझर्व्ह बँकेने अकाउंट अ‍ॅग्रिगेटरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या संमतीने खात्याची माहिती बँकेकडून कर्ज देणाऱ्याकडे पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी, २०१६ साली जे निर्देश काढले, त्यात ग्राहकाचा पासवर्ड किंवा पिन मागायचा नाही आणि साठवायचाही नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकांसह सुरू झालेल्या त्याच व्यवस्थेवर आमचा एसडीके चालतो. तिथे संमतीत हेतू लिहावा लागतो, मुदत लिहावी लागते, आणि ग्राहकाला ती केव्हाही रद्द करता येते. चाकणच्या कारखान्यातला हेल्पर वीस हजारांच्या कर्जासाठी तुमच्या अ‍ॅपवर आला, तर त्याच्यापुढे पासवर्डची चौकट ठेवणारं उत्पादन मी विकणार नाही. त्यापायी काही ग्राहक आमच्याकडून गेले आहेत आणि पुढेही जातील, हे मान्य आहे.

आता ओटीपी. पहिला अ‍ॅग्रिगेटरचा असतो, फोन खरंच त्या माणसाच्या हातात आहे का हे पाहण्यासाठी. दुसरा बँक पाठवते आणि बँकच तपासते, कारण खातं जोडायला खातेदार राजी आहे याची खात्री तिला हवी असते. तो गाळणं आमच्या हातात नाही, आणि असतं तरी गाळला नसता. मात्र ‘खातंच सापडत नाही’ म्हणून जे ग्राहक अडकतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. बँक खातं शोधते ते मोबाइल नंबरावरून. ठेकेदाराने एका दिवसात पन्नास जणांची खाती उघडून दिली असतील, तर त्यातल्या काहींवर भलताच नंबर लागलेला असतो. अशा ग्राहकाला ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाखवून काही होत नाही. ‘तुमच्या बँकेत हाच नंबर नोंदवलेला आहे का, ते शाखेत विचारा’ असं मराठीत सरळ लिहा. तो मजकूर तुम्हाला एसडीकेच्या सेटिंगमधून बदलता येतो.

जोडणी पहिल्यापासून सुरू होते, हा त्रास खरा आहे. तुम्ही सपोर्टला पाठवलेले लॉग (अ‍ॅपमध्ये काय घडलं याच्या नोंदी) आम्ही पाहिले. कमी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर माणूस मेसेजमध्ये गेला की सिस्टीम मागचं अ‍ॅप बंद करते. तो परत आला की अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची ती स्क्रीन) नव्याने तयार होते, आणि तुमच्या कोडमध्ये ऑनक्रिएटमध्येच, म्हणजे स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या भागातच, दर वेळी नवं टोकन (जोडणीचा तात्पुरता परवाना) मागवलं जातं. त्यामुळे सेशनही नवं, आणि आधीचा ओटीपी वाया. सेशन आयडी सेव्ह्ड स्टेटमध्ये (अ‍ॅप मागे बंद पडलं तरी अँड्रॉइड जपून ठेवतं त्या माहितीत) ठेवा आणि परत आल्यावर टोकन मागताना तोच आयडी पाठवा, म्हणजे जोडणी थांबली होती तिथून पुढे जाईल. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ (सोडलेली स्क्रीन लगेच बंद करणारं सेटिंग) चालू करून तपासलंत, तर हाच प्रकार टेस्टिंगच्या भारी फोनवरही लगेच दिसेल.

वेबव्ह्यूबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यात उघडलेल्या पानावर अ‍ॅपला स्वतःची जावास्क्रिप्ट घालता येते, म्हणजे ग्राहक काय टाइप करतो ते वाचता येतं. तुम्ही वाचणार नाही यावर माझा विश्वास आहे, पण ग्राहकाला त्याची खात्री कशी पटावी? म्हणून अँड्रॉइडवर कस्टम टॅब आणि आयफोनवर सिस्टीमचं ब्राउझर सेशन: दोन्हींत पान ब्राउझर उघडतो, अ‍ॅपला त्यात डोकावता येत नाही. कस्टम टॅबच्या वरच्या पट्टीचा रंग तुमच्या अ‍ॅपसारखा ठेवता येतो.

सिक्रेट कीचंही तेच. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, कुणीही डाउनलोड करून उलगडू शकतो. आतली की ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या एनबीएफसीच्या नावाने लोकांकडे संमती मागू शकेल. म्हणून की सर्व्हरवर, आणि फोनवर फक्त थोडा वेळ चालणारं टोकन. फोनवर एसडीकेकडून आलेल्या ‘यशस्वी’ या कॉलबॅकवर (निरोपावर) कर्ज मंजूर करू नका, हेही सांगून ठेवतो. सर्व्हरवर वेबहुक, म्हणजे आमच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला पाठवलेला संदेश, येऊ द्या, त्याची डिजिटल सही तपासा, मगच पुढे जा.

राहिला ‘अनिश्चित’ हा शेरा. त्याच्यामागे खूप काम आहे. पगाराच्या नोंदीवर ‘सॅलरी’ असं लिहिलेलं असतंच असं नाही. समजा, एका कामगाराच्या खात्यात ७ तारखेला ठेकेदाराच्या फर्मच्या नावाने ११,४०० रुपये आले आणि २२ तारखेला त्याच फर्मकडून ३,०००. दुसरी रक्कम ही उचल आहे, ओव्हरटाइम आहे की कुणाच्या आजारपणासाठी मागून घेतलेले पैसे, हे स्टेटमेंट सांगत नाही. उचल असेल तर पगार १४,४०० धरायला हवा, आणि हातउसने असतील तर ११,४००. आम्ही डोळे झाकून मोठा आकडा दिला, तर त्याच्यावर न झेपणारा हप्ता बसेल. लहान दिला, तर हक्काचं कर्ज नाकारलं जाईल. म्हणून आम्ही दोन्ही आकडे देतो, सोबत शेरा देतो, आणि निर्णय कर्ज देणाऱ्या माणसाकडे सोपवतो. अशा वेळी ग्राहकाला पगाराची स्लिप मागा. बहुतेकांकडे तिचा फोटो असतो, आणि नेमका तोच फोटो निवडून जोडायची सोय दिलीत तर सगळ्या गॅलरीची परवानगी लागत नाही. कर्जाच्या अ‍ॅपने फाइल्स, संपर्क यादी आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या सूचनांत सांगितलेलंच आहे.

टोकन आणि सेशनच्या कामासाठी आमची इंजिनिअर तुमच्या टीमबरोबर ऑनलाइन बसेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सपोर्टच्या त्याच ईमेलवर सोयीची वेळ कळवा.

लॉगमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या अभिप्रायात नव्हती. ग्राहकाने अ‍ॅग्रिगेटरकडे जाऊन संमती रद्द केली, तरी तुमचं अ‍ॅप ‘खातं जोडलेलं आहे’ असंच दाखवत राहतं, कारण रद्द झाल्याचा वेबहुक तुमच्याकडे येतो पण कुठेच हाताळलेला नाही. अ‍ॅप बाजारात आणण्यापूर्वी तेवढं नक्की करा. सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या व्यवस्थेत) ती स्थिती तपासायची सोय आहे.

— संस्थापक, पुणे