३४ किलो की २८? मांडीच्या ताकद-चाचणीबद्दल क्लिनिकचं उत्तर

नमस्कार. एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशननंतर दुसऱ्या सेंटरवर मांडीची ताकद ३४ किलो आली, आठवड्याने आमच्याकडे २८. म्हणजे आमचं मशीन बोगस आणि सेशन वाढवायचा डाव, असं तुम्ही लिहिलंय. इतके महिने घाम गाळल्यावर आकडा खाली दिसला की राग येणारच. पण या दोन आकड्यांवरून ताकद घटली असं म्हणताच येत नाही.

डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं हे मशीन, फक्त सेन्सरवर पडलेला जोर मोजतो. सेन्सर गुडघ्यापासून जितका खाली, तितका त्याच स्नायूचा आकडा कमी. तुम्ही टाकलेल्या फोटोत आमच्या रिपोर्टवर हे अंतर ३६ सेंमी लिहिलेलं दिसतंय. दुसऱ्यावर अंतरच नाही. म्हणून जोराला अंतराने गुणायचं, म्हणजे गुडघ्याभोवती स्नायूने लावलेला वळवणारा जोर न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. २८ किलो ३६ सेंमीवर म्हणजे सुमारे ९९ न्यूटन-मीटर. तिथे सेन्सर ३० सेंमीवर धरला असेल, तर ३४ किलोचे होतात १००. अंतराशिवाय नुसता किलोचा आकडा कुणीही देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

बसण्यानेही फरक पडतो. टेबलाची कड धरली किंवा मागे रेललं की आकडा फुगतो. उलट, सेन्सर नुसता हाताने धरला तर दणकट मांडी तपासणाऱ्याचा हातच मागे ढकलते आणि आकडा कमी येतो. म्हणून आम्ही सेन्सर पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधतो, कंबरेलाही पट्टा, गुडघा ९० अंशांत, हात छातीवर. आधी सराव, मग ५-५ सेकंदांचे तीन जोर, मध्ये एक मिनिट विश्रांती. एवढं करूनही थोडं कमी-जास्त होतंच, त्यामुळे एक-दोन किलोंवरून आम्ही काहीच ठरवत नाही.

खेळायला परतताना त्याच दिवशी मोजलेल्या दुसऱ्या पायाशी तुलना बघा. साधारण ९० टक्के हवेत. मात्र ऑपरेशननंतर चांगला पायही वापराअभावी थोडा कमजोर होतो, तेव्हा तो टक्का जरा जपूनच वाचायचा.

फेरचाचणी विनामूल्य करू, दोन्ही अंतरांवर, तुमच्या डोळ्यांदेखत. शॉर्ट्स घालून या, आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको. गुडघ्याला सूज असेल तर आधी फोन करा, चाचणी पुढे ढकलू. सूज असताना स्नायू पूर्ण जोर लावूच शकत नाही.