माँट्रियलमध्ये ब्रेट हार्टच्या पायावर धोंडा कुणी टाकला?

"ब्रेट हार्टनं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला." प्रो-रेसलिंगचा, म्हणजे निकाल आधीच ठरवून होणाऱ्या कुस्तीचा, विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. ब्रेट हा त्यातला कॅनडाचा पैलवान; १९९७ मध्ये माँट्रियलला त्याचा चॅम्पियनशिपचा पट्टा गेला, त्याबद्दलचं हे वाक्य. केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीची कुस्ती बघत आणि ट्रम्प कार्डांवर पैलवानांच्या उंची-वजनाच्या लढती लावत मोठी झालेली आपल्याकडची पिढीही ते सहज पुढे पाठवते. सोबतची कारणं ठरलेली असतात. ब्रेट हरायला तयार नव्हता, चॅम्पियनशिपचा पट्टा घेऊन शत्रूच्या कंपनीत, डब्ल्यूसीडब्ल्यूत, जाणार होता, पैशासाठी निघाला होता. आणि हे सगळं खोटंच तर असतं, मग इतकी वर्षं कांगावा कशाला?

हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते आधी बघू. नोव्हेंबर १९९७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहन ते बोलला, आपल्याच कंपनीच्या कार्यक्रमात, आणि समोर मुलाखत घ्यायला बसलेला जिम रॉस त्याच्याच पगारावर होता. ज्याच्यावर घात केल्याचा आरोप होता, त्यानंच घरबसल्या दिलेला हा निकाल आहे. लोक तो इतिहास म्हणून वाटत सुटलेत.

काय घडलं ते थोडक्यात. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियलचं मोल्सन सेंटर, डब्ल्यूडब्ल्यूएफचा सर्व्हायव्हर सिरीज हा कार्यक्रम. वीस हजारांवर प्रेक्षक. चॅम्पियन ब्रेट हार्ट विरुद्ध शॉन मायकल्स. लढत बारा मिनिटांच्या पुढे गेली असेल नसेल, मायकल्सनं ब्रेटला त्याच्याच शार्पशूटर या पाय अडकवण्याच्या डावात पकडलं. हा डाव ब्रेट उलटवणार, असं दोघांत ठरलेलं होतं. ब्रेटनं पाय धरायला हात घातला, तोच रेफ्री अर्ल हेब्नरनं इशारा केला आणि रिंगच्या कडेला उभा असलेला विन्स ओरडला, घंटा वाजवा. ब्रेटनं हार मानलीच नव्हती. हेब्नर रिंगमधून उडी टाकून थेट बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पळाला. ब्रेट विन्सच्या तोंडावर थुंकला, मॉनिटर फोडले आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्यानं विन्सला एकच ठोसा लगावला.

आता पहिला मुद्दा: ब्रेटला हरायचंच नव्हतं. सगळ्यात जास्त चालतो तो हाच, आणि सगळ्यात पोकळही हाच.

ब्रेटच्या कारकिर्दीतले पराभव डोळ्यांसमोर आणा. १९९२, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ऐंशी हजार लोक. समोर मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ, म्हणजे ब्रिटिश बुलडॉग. ब्रेट सांगतो की लढत सुरू होताच डेव्हीनं त्याच्या कानात सांगितलं, ठरलेलं सगळं डोक्यातून गेलंय. मग पुढचा जवळजवळ अर्धा तास प्रत्येक डाव ब्रेट त्याच्या कानात सांगत राहिला. आता दोरीवर धाव, आता मला उचल, आता खाली घे. एवढं करून शेवटी स्वतः खाली गेला आणि इंटरकॉन्टिनेंटलचा पट्टा डेव्हीला देऊन मोकळा झाला. ती लढत पुन्हा बघा. थकलेल्या माणसाला सांभाळत, त्यालाच मोठं करत हरणं काय असतं ते कळेल. ब्रेट १९९३ मध्ये योकोझुनाकडून हरला, १९९४ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, धाकट्या भावाकडून, ओवेनकडून, कसलीही सबब न ठेवता हरला. त्याच वर्षी बॉब बॅकलंडकडून हरला. १९९६ मध्ये अॅनाहाइमला साठ मिनिटांची आयर्न मॅन लढत बरोबरीत संपल्यावर जादा वेळेत हरला, आणि तोही याच शॉन मायकल्सकडून. फेब्रुवारी १९९७ मध्ये तर पट्टा जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सिडला देऊन टाकला. या माणसाला हरता येत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या लढती पाहिल्यात तरी का?

उलट त्याच फेब्रुवारीत मायकल्सनं गुडघ्याचं कारण सांगून पट्टा परत केला. मार्चच्या रेसलमेनियात त्यानं ब्रेटकडून हरायचं, अशी चर्चा तेव्हा होती. तो पराभव टाळण्यासाठीच त्यानं हे केलं, असं ब्रेटला आजही वाटतं. गुडघा खरंच किती दुखत होता यावर वाद घालता येईल. पण ऑक्टोबरात ब्रेट त्याला म्हणाला, तुझ्याकडून हरायला माझी हरकत नाही; त्यावर मायकल्सनं उत्तर दिलं, मी तुझ्यासाठी असं करणार नाही. ब्रेट हे कायम सांगत आलाय. ज्यानं तोंडावर असं सांगितलं, त्याच्यापुढे, त्या ठिकाणी, त्या रात्री हरायचं नाही, एवढंच ब्रेटचं म्हणणं होतं.

त्या ठिकाणी का नाही? इथे हार्ट फाउंडेशनच्या कथानकाकडे वळायला हवं. दावा करणारे नेमका हाच भाग गाळतात. मार्च १९९७ च्या रेसलमेनियात ब्रेट आणि स्टीव्ह ऑस्टिनची लढत झाली. रक्तबंबाळ ऑस्टिन शार्पशूटरमध्ये बेशुद्ध पडला, पण हार मानली नाही. लढत संपेपर्यंत खलनायक ऑस्टिन नायक झाला होता आणि नायक ब्रेट खलनायक. मग कंपनीनं ब्रेटभोवती हार्ट फाउंडेशन हा गट उभा केला: ओवेन, डेव्ही बॉय स्मिथ, जिम नायडहार्ट आणि ब्रायन पिलमन. अमेरिकेत या पाचांची हुर्यो उडायची. सीमा ओलांडून कॅनडात गेलं की तेच पाचजण देशाचे वीर. एकच गट एका देशात खलनायक आणि शेजारच्या देशात नायक, अशी गुंफण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

जुलैत कॅलगरीच्या सॅडलडोममध्ये, म्हणजे हार्ट घराण्याच्या स्वतःच्या गावात, पाच विरुद्ध पाच अशी लढत झाली. ओवेननं ऑस्टिनला चीत केलं. त्याच गावात वर्षानुवर्षं स्टॅम्पीड रेसलिंग ही कुस्तीची कंपनी चालवलेले, घराच्या तळघरात पैलवान घडवलेले म्हातारे वडील स्टू हार्ट आणि आई हेलन समोरच बसले होते. शेवटी सगळं कुटुंब रिंगमध्ये आलं. मागे वळून बघताना ब्रेट या रात्रीबद्दल नेहमी भरभरून बोलतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणजे सात-आठ महिने कंपनीनंच त्याच्या खांद्यावर कॅनडाचा झेंडा दिला होता. तिकिटं त्याच झेंड्यावर खपली. माँट्रियलच्या रिंगमध्ये मायकल्सनं त्या झेंड्याची विटंबना केली, तीही कथानकाचा भाग म्हणून. आणि मग म्हणायचं, तू आता इथेच आडवा हो. ब्रेटच्या करारात शेवटच्या तीस दिवसांत आपल्या भूमिकेचं काय होणार यावर त्याला वाजवी अधिकार होता. तो अधिकार कंपनीनंच लिहून दिला होता. ब्रेटनं तो वापरला, मोडला नाही.

त्यानं पर्यायही दिले होते: दुसऱ्या गावात हरतो, दुसऱ्या कुणाकडून हरतो. शेवटी त्या दुपारी ठरलं ते असं. लढत ब्रेट आणि मायकल्स या दोघांच्या गटांच्या गोंधळात अनिर्णित संपेल आणि पुढे ब्रेट स्वतःहून पट्टा कंपनीच्या हाती देईल. हे विन्सच्या तोंडून ऐकायला मिळतं. कॅनडाचे दिग्दर्शक पॉल जे तेव्हा ब्रेटवर माहितीपट करत होते आणि त्या बैठकीत ब्रेटच्या अंगावर माइक होता. विन्सनं मान्य केलेलं ध्वनिमुद्रित आहे. यावर आणखी काय पुरावा हवा?

दुसरा मुद्दा: पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या टीव्हीवर दिसला असता तर? विन्सची भीती निराधार नव्हती, हे मी मान्य करतो. डिसेंबर १९९५ मध्ये त्याच्याच महिला चॅम्पियननं, अलुंड्रा ब्लेझनं, पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. सोमवारच्या प्रेक्षकसंख्येत विन्स दीड वर्षाच्या आसपास सतत मागे होता. पण भीती खरी असली म्हणून ब्रेटचा गुन्हा सिद्ध होत नाही. तो डिसेंबरपर्यंत विन्सच्या करारात बांधलेला होता. १९९१ मध्ये रिक फ्लेअर समोरच्यांचा पट्टा घेऊन विन्सकडे आला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पडद्यावर तो पट्टा धूसर करून दाखवावा लागला. कोर्ट-कचेरीचा हा रस्ता विन्सला पाठ होता. आणि सगळ्यात साधी गोष्ट: एवढा अपमान झाल्यावरही ब्रेट दुसऱ्या दिवशी समोरच्यांच्या रिंगमध्ये दिसला नाही. तो तिथे प्रत्यक्ष अवतरला १५ डिसेंबरला. डोक्यात संताप असताना ज्यानं करार पाळला, तो शांत डोक्यानं तो मोडणार होता म्हणे!

पैशाचा मुद्दा दोन ओळींत निकालात निघतो. १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूनं वर्षाला पंचवीस लाख डॉलरच्याही वर देऊ केले होते. ब्रेटनं ते नाकारून विन्सशी वीस वर्षांचा करार केला, वर्षाकाठी कमी पैशांत. १९९७ मध्ये विन्सनंच त्याला सांगितलं की हा करार मला झेपत नाही, तू तिकडे बोलणी कर. मालक स्वतः दार उघडून देतो आणि बाहेर पडणाऱ्याला लोभी ठरवतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"सगळं ठरलेलंच असतं, मग फसवणूक कसली?" हा प्रश्न नेहमी जिंकल्याच्या सुरात विचारला जातो. ठरलेलं असतं म्हणूनच फसवणूक मोठी. खऱ्या कुस्तीत समोरचा तुम्हाला पाडणार हे धरूनच तुम्ही मातीत उतरता. इथे तुम्ही आपली मान, पाठ, गुडघे समोरच्याच्या हातात देता ते फक्त शब्दावर. पाइलड्रायव्हर घेणारा माणूस डोकं खाली करून लटकतो तेव्हा त्याचा मणका दुसऱ्याच्या मांड्यांवर अवलंबून असतो. आपण कुणालाही गंभीर जखमी केलं नाही, हे ब्रेट पट्ट्यांपेक्षा अभिमानानं सांगतो. माँट्रियलच्या आधी व्हेडरनं त्याला सावध केलं होतं: पाठीवर पडून राहू नकोस, कुठल्या डावात अडकून राहू नकोस. जपानमध्ये लढलेल्या जुन्या पैलवानाला धोक्याचा वास आला होता. ब्रेटनं तरी शार्पशूटर लावू दिला, कारण रेफ्री हेब्नर त्याचा मित्र होता आणि त्यानं दगा न देण्याचा शब्द दिला होता. विश्वासानं झोकून दिलेल्या शरीराचा असा वापर झाला, म्हणून त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये अंडरटेकरसारखा कंपनीशी एकनिष्ठ माणूस विन्सवर भडकला आणि मिक फोली दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. या धंद्यात नेमकं काय मोडलं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग शेवटचा बचाव येतो: ब्रेटही सामील होता, सगळं मिळून रचलं. असं असेल तर त्या मुलाखतीत विन्सच्या डोळ्याखालचा काळानिळा डाग कशाचा होता? पिलमन ५ ऑक्टोबरला वारला होता. त्यानंतर पाच आठवड्यांनी हे घडलं आणि बहरात असलेला गट कायमचा फुटला. डेव्ही आणि नायडहार्ट ब्रेटमागोमाग गेले, ओवेन करारात अडकून मागे राहिला. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत, छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या स्टंटमध्ये ओवेन पडून गेला. ब्रेट तेव्हा दुसऱ्या कंपनीत होता. डब्ल्यूसीडब्ल्यूला त्याचं काय करायचं हे कधी कळलंच नाही, आणि त्या डिसेंबरात गोल्डबर्गच्या लाथेनं मेंदूला झालेल्या दुखापतीनं त्याची कारकीर्द संपली. इकडे विन्स त्याच रात्रीच्या बळावर 'मिस्टर मॅकमहन' हा खलनायक झाला, ऑस्टिनशी त्याचं वैर गाजलं, आणि १९९९ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. एवढा एकतर्फी हिशेब दोघांनी संगनमतानं मांडला, हे मला तरी पटत नाही. मायकल्सनं आधी कितीतरी वर्षं कानावर हात ठेवले आणि नंतर आपल्याला सगळं माहीत होतं हे कबूल केलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, तर इतकी वर्षं नाकारत का होता?

राहता राहिला 'रडका ब्रेट'. २००२ मध्ये सायकलवरून पडून पक्षाघात झालेला हा माणूस पुन्हा चालायला शिकला. जानेवारी २०१० मध्ये त्याच कंपनीच्या रिंगमध्ये उभं राहून त्यानं मायकल्सला जवळ घेतलं आणि त्याच वर्षी रेसलमेनियात विन्सशी लढलाही. २०१९ मध्ये तो आणि दिवंगत नायडहार्ट या जोडीला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. ब्रेटचं भाषण चालू असताना एका प्रेक्षकानं रिंगमध्ये घुसून त्याला खाली पाडलं. एकसष्ट वर्षांचा ब्रेट उठला, माइकसमोर परत आला आणि नायडहार्टबद्दल सांगायचं राहिलेलं सगळं सांगूनच खाली उतरला.