'उघड्यावर करा, काही होत नाही' म्हणे!

'रसायनांचे प्रयोग घराबाहेर करा, मग गॉगल नको नि भीती नको' असा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला, वर 'मामा, बाटली आणू का?' असा प्रश्न. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

त्यातला सर्वांत घातक मुद्दा असा: 'भर उन्हात करा, ज्योत नीट दिसते.' साफ उलट! मिथेनॉल म्हणजे चटकन पेटणारं एक अल्कोहोल; रंगीत ज्योतीच्या प्रयोगात ते वाटीत पेटवतात. त्याची स्वतःची ज्योत फिकट निळी. भर उन्हात ती जवळजवळ दिसतच नाही. वाटीतली आग विझली असं वाटतं, माणूस बाटलीतून आणखी ओततो, वाफ भडकते, आग बाटलीत शिरते आणि तिच्या तोंडातून झोत समोरच्यांच्या अंगावर जातो. मिथेनॉलची वाफ 11-12 अंश सेल्सिअसलाही पेट घेते; उन्हात तापलेल्या बाटलीचं काय सांगावं? रंगीत ज्योती दाखवताना मुलं भाजली, तीही मोठ्यांनी केलेल्या प्रात्यक्षिकांत. त्यानंतर 2014 साली अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने (रासायनिक अपघातांची चौकशी करणारं सरकारी मंडळ) खास पत्रक काढलं: थोड्या प्रमाणात भागत असेल तिथे ज्वालाग्राही द्रवाची मोठी बाटली आणूच नका. शिकवणाऱ्यांच्या हातून हे घडतं, तर एकट्या पोराचं काय?

'मोकळ्या हवेत वायू उडून जातो.' अर्धं खरं आहे, मान्य. वायू विरळ होतो, बंद खोलीपेक्षा ते बरंच. पण क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो खड्ड्यात, भिंतीच्या कडेला साचतो. वारा पाठीवर घेतला तरी छातीपुढे भोवरा होऊन वाफ तोंडाशी येते. वारा बाजूने येईल असं उभं राहावं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड टाकलं की हाच क्लोरीन निघतो, म्हणून ते उघड्यावरसुद्धा नाही म्हणजे नाही.

'ॲसिड उडालं तर सोडा चोळा.' अजिबात नको! त्या क्रियेत उष्णता निघते आणि धुण्याची वेळ वाया जाते. लगेच वाहतं पाणी, निदान 15 मिनिटं; डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून, आणि मग डॉक्टर. पाण्याची सोय आधी, प्रयोग नंतर. गॉगल तर हवाच, बाहेर वाऱ्याने शिंतोडे कुठेही जातात.

राहिलं 'उरलेलं मातीत ओता'. मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) तांबं कुजत नाही, मातीतच राहतं. झाकणाच्या बरणीत भरा, वर नाव लिहा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत विचारून द्या.