म्हणे, अर्धा सराफा ग्लुटेनमुक्त

थंडीच्या सुट्ट्या आल्या की नातेवाइकांत एक निरोप फिरतो: ‘गहू चालत नसेल तर मुलांना घेऊन बिनधास्त इंदूरला या. पोहे, साबुदाण्याची खिचडी, भुट्ट्याचा कीस, गराडू... अर्धा सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, मुळातच ग्लुटेनमुक्त. आणि चुकून एखादा घास गेला, तर एवढं काय!’ माझ्या भाचीला सीलिएक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालण्याचा आजार, आणि दर सुट्टीत ती आमच्याकडे असते, म्हणून बोलते.

यादी खोटी नाही. पोहे तांदळाचे, कीस मक्याचा, गराडू हा कंद. (मैद्याची जिलेबी आणि गव्हाचे दाल-बाफले निरोपातून सोयीस्कर गळलेत, ते सोडा.) पण गराडूच्या गाडीशी दोन मिनिटं उभं राहा. फोडी गरम तेलात दुसऱ्यांदा तळून निघतात, वर लिंबू आणि जीरावन हा इंदुरी मसाला. छान! त्याच तेलात आत्ताच कचोऱ्या निघालेल्या असतात, झारा तोच, आणि तळाशी मैद्याचा चुरा काळा पडलेला. कंद निर्दोष, कढई नाही.

किसाला फोडणी हिंगाची. डबीतला बांधणी हिंग बहुधा मैदा किंवा तांदळाच्या पिठात मिसळलेला असतो. कुठला, ते डबी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि गाडीवर डबी कोण दाखवणार? जीरावनातही हिंग असतोच.

‘विचारून घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी एका हॉटेलातला संवाद. मी: ‘भैया, इसमें गेहूं-मैदा तो नहीं?’ तो, छाती ठोकून: ‘नहीं दीदी, सिर्फ सूजी है।’ रवा गव्हाचाच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि ‘एखादा घास’. सीलिएक म्हणजे पोट बिघडणं नव्हे. ग्लुटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, कधी वरून काहीही न दिसता. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. घासाची गोष्टच सोडा.

शिवाय सराफा रंगतो रात्री, सोनारांची दुकानं मिटल्यावर. लहान मुलं तोवर खांद्यावर झोपलेली. त्यापेक्षा संध्याकाळी छप्पन दुकान ही दुसरी खाऊगल्ली बरी.

मग खायचं काय? आम्हाला वाट सापडली ती उपासाची. ग्लुटेन कुणाला कळत नाही, उपास सगळ्या इंदूरला कळतो. निव्वळ फरियाली, म्हणजे उपासाचं, विकणारा असेल तर कढई वेगळी असते, मीठ सैंधव, आणि साबुदाणा वाफेवर. तरी कढई मी बघतेच, वरची शेवही नको म्हणते. भाची मात्र आता ग्लुटेन हा शब्दच काढत नाही. ‘भैया, मेरा उपवास है’ म्हणते. परवा तो खिचडीवाला मला हळूच म्हणाला, ‘दीदी, बच्ची इस हफ्ते चौथा उपवास कर रही है, दूध तो पिलाती हो ना?’